चौतीस नंबरचा बेल्ट आणि धोंड्याचा महिना

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

वय ४३. नागपुरात मानेवाड्याकडे राहतो, नोकरी बैठी. सासर वर्ध्याचं. २०२३ च्या अधिक श्रावणात सासऱ्यांनी कपड्यांसोबत एक काळा बेल्ट दिला होता, ३४ नंबरचा. तेव्हा तो बरोबर मधल्या भोकात बसायचा. रोज तोच वापरतो. आता पाचव्या, म्हणजे शेवटच्या भोकात लावावा लागतो, पण लागतो. यंदाच्या अधिक ज्येष्ठासाठी मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, आठवणीनं पुन्हा ३४ चाच घेतला, वर्ध्याच्या दुकानातून, वेगळ्या कंपनीचा. कामानं नागपूरला आले तेव्हा तो आधीच देऊन गेले. बाकीचं वाण आम्ही वर्ध्याला जेवायला जाऊ तेव्हा. हा बेल्ट कमरेला पुरतच नाही. शेवटचं भोक दोन-अडीच बोटं मागं राहतं. बायको म्हणते, ढेरी वाढली. मी म्हणतो, कंपनीनं माप मारलं. जुना ३४ अजून लागतो आणि माझ्या सगळ्या पँटी ३४ च्याच आहेत. बदलून घ्यायचा तर मामाजींना सांगावं लागेल, आणि मग दोन्ही साळे जन्मभर चिडवतील. एक भोक पाडून घेऊ, गपचूप तसाच दुसरा विकत आणू, की जेवायला जाईपर्यंत रात्रीचं जेवण बंद करू? आणि मुळात माझं खरं माप किती?

भाऊ,

तुमच्या घरातलं भांडण मिटवणं सोपं आहे, कारण तुम्हीही बरोबर आहात आणि वहिनीही. दोघांनी अर्धा-अर्धा घोळ पकडला आहे आणि प्रत्येकाला वाटतंय की आपल्या हातात पुरता घोळ आहे.

तुम्ही टेप न लावताच मला निम्मं माप कळवलंय. बेल्टच्या भोकांमध्ये साधारण एक-एक इंचाचं अंतर असतं. २०२३ मध्ये तुम्ही तिसऱ्या भोकात होतात, आज पाचव्यात आहात. तिसऱ्यापासून पाचवं, म्हणजे दोन इंच. हे दोन इंच तुमचे. इथं वहिनी जिंकल्या.

आता दुसरी बाजू. कंबर तीच, माणूस तोच, दिवसही तोच. जुना ३४ पाचव्या भोकात लागतो आणि नवा ३४ पाचव्या भोकाला दोन-अडीच बोटं कमी पडतो. पुरुषाची दोन-अडीच बोटं म्हणजे साधारण दीड ते दोन इंच. एकच आकडा छापलेल्या दोन बेल्टांमध्ये एवढा फरक असेल, तर तो तुमच्या पोटानं नाही केला. हे दोन इंच लेबलचे. त्यात जुना बेल्ट थोडा ताणला गेला असेल तेही धरा. चामडं रोज ओढलं जाऊन लांबतं, आणि वापरातलं भोक गोल न राहता लांबट होतं. उलटा करून बघा, कळेल. पण सगळा फरक ताणण्याचा नाही.

मग एकाच नंबरचे दोन बेल्ट वेगळे कसे? बेल्टवरच्या आकड्याचा अर्थ सगळ्या कंपन्यांनी एकत्र बसून ठरवलेला नाही म्हणून. बरेच जण बक्कलाजवळ जिथं चामडं दुमडलेलं असतं तिथून मधल्या भोकापर्यंतची लांबी छापतात. त्यांचा ३४ म्हणजे मधलं भोक ३४ इंचांवर, शेवटचं ३६ वर. काही जण पँटचा नंबर छापतात, म्हणजे ‘३४ ची पँट घालणाऱ्यासाठी’, आणि आत बेल्ट दोन इंच मोठा ठेवतात. त्यांचा ३४ मोजलात तर मधलं भोक ३६ वर येतं, शेवटचं ३८ वर. तिसरे सेंटिमीटरवाले, ८५, ९०, ९५, १०० असे आकडे देणारे. आणि काही ठिकाणी बेल्टची टोकापासून टोकापर्यंतची पूर्ण लांबीच सांगतात. दुकानात तो आकडा ऐकून माणूस घाबरतो की आपण एवढे कधी झालो!

माझा अंदाज सांगते. तुमचा जुना बेल्ट पँटच्या नंबरवाला असावा आणि नवा मधल्या भोकावाला. कुणी माप मारलेलं नाही, दोघांनी वेगळी भाषा बोललीय. अंदाज खरा की खोटा ते टेपनं दोन मिनिटांत कळेल, त्याकडे येतेच.

त्याआधी तुमच्या पँटींबद्दल. ‘माझ्या सगळ्या पँटी ३४ च्याच आहेत’ हे तुम्ही पुरावा म्हणून लिहिलंय, आणि मला सगळ्यात जास्त शंका याच वाक्याची आली. माझे वडील नागपूरच्या महाल भागात शिवणकाम करायचे. शाळेतून आले की मी काजं करायला बसायची, त्यामुळे माप देणारी माणसं लहानपणापासून पाहिलीत. टेप गळ्यातून काढायच्या आधी बाबा प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे, “पँट पोटावर घालता की पोटाखाली?” तरुण पोरं गोंधळायची. चाळिशीच्या पुढचे खाली बघून हसायचे. कारण खरं उत्तर असं की, पँट पोटावरून पोटाखाली कधी उतरली ते त्यांचं त्यांनाही कळलेलं नसायचं. पोट वाढतं तसा पँटचा पट्टा एक-एक सूत खाली सरकतो, तिथं घेर कमी असतो, आणि माणूस वर्षानुवर्षं तोच नंबर मिरवत राहतो. बाबांच्या वहीत अशी गिऱ्हाईकं होती ज्यांची कंबर दहा वर्षं हलली नाही, फक्त पँटची पुढची उंची दर वेळी कमी करावी लागली.

ही झाली शिवलेल्या पँटची गोष्ट. रेडिमेडमध्ये आणखी एक गंमत आहे. कंपन्या गिऱ्हाइकाचं मन राखायला ३६ ला ३४ म्हणतात. यालाच व्हॅनिटी सायझिंग म्हणतात. खात्री करायची असेल तर रोजची पँट काढा, बटण लावा, टेबलावर सपाट पसरा, पुढचा-मागचा काठ एकावर एक नीट जुळवा आणि पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा. येईल त्याची दुप्पट करा. लेबलवर ३४ आणि टेपवर १८ दुणे ३६ असं आलं तर दचकू नका. नागपुरात निम्म्या कपाटांत हेच निघेल.

आता खरं माप. शिंप्याची टेप घ्या, घरी नसेल तर शेजारच्या ब्लाउज शिवणाऱ्या ताईंकडून पाच मिनिटांसाठी आणा. फार जुनी कापडी टेप नको, ती स्वतःच ताणलेली असते. पोटाभोवती टेप गुंडाळू नका. बेंबीवर घेतलेलं माप बेल्टच्या काही कामाचं नाही, कारण बेल्ट बेंबीवर बसतच नाही. जुना बेल्ट काढा, जमिनीवर सरळ पसरा, बक्कल सोडून द्या, आणि बक्कलाची काडी जिथं चामड्याला धरलेली आहे त्या दुमडीपासून, ज्या भोकात आज बेल्ट लावता त्या भोकापर्यंत मोजा. आला तो आकडा तुमचा. माझ्या हिशेबानं तो ३८ च्या आसपास येईल. मग तीच टेप नव्या बेल्टला त्याच पद्धतीनं लावा, दुमडीपासून मधल्या भोकापर्यंत. तिथं ३४ आलं तर माझा अंदाज खरा.

नव्या बेल्टला हे सगळं करताना एक पथ्य पाळा: तो कमरेला ओढून बघू नका, भोकात काडी घालू नका, वाकवू नका. चामड्याला एकदा मोड पडली की दुकानदार परत घेत नाही, आणि त्याचं चुकतंही नाही.

बेल्ट कमरेपेक्षा दोन इंच मोठा का लागतो, हे लोक नेहमी विचारतात आणि ‘नियम आहे’ असं उत्तर देऊन मोकळं होता येतं. पण त्यामागं शाळेतलं गणित आहे. बेल्ट अंगावर नाही, कपड्यांवर बसतो. खोचलेला शर्ट, आतलं बनियन, पँटचा दुहेरी-तिहेरी पट्टा मिळून चार मिलिमीटर जाडी धरा. वर्तुळाची त्रिज्या चार मिलिमीटरनं वाढली की परीघ त्याच्या सव्वासहा पटीनं, म्हणजे सुमारे पंचवीस मिलिमीटरनं वाढतो. झाला की एक इंच! दुसरा इंच बेल्टच्या स्वतःच्या जाडीचा, बसल्यावर पसरणाऱ्या पोटाचा आणि श्वासाचा. म्हणून पँटची खरी कंबर ३६ निघाली तर बेल्ट ३८. सेंटिमीटरमध्ये ३८ इंच म्हणजे साडेशहाण्णव, तेव्हा त्या पद्धतीतला ९५ चा बेल्ट तुम्हाला तिसऱ्या-चौथ्या भोकात बसेल.

आणि मधल्या भोकाचा आग्रह का, तर दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच मोकळे राहतात म्हणून. सावजीकडे जेवून आल्यावर एक भोक पुढं जाता येतं, आजारपणानंतर एक मागं. शेवटच्या भोकातला बेल्ट म्हणजे भरलेली बस आहे, एक जादा प्रवासी चढला की दार लागत नाही. मामाजी निवृत्त कंडक्टर आहेत असं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय, त्यांना ही उपमा आवडेल. शेपटाचंही तसंच. बक्कलातून निघालेलं टोक पँटच्या पहिल्या लूपमधून जाऊन थोडं पुढं थांबलं की पुरे. मागच्या खिशापर्यंत पोचलेलं शेपूट उसन्या बेल्टसारखं दिसतं, आणि लूपपर्यंत न पोचलेलं सारखं बाहेर येऊन लोंबतं.

आता तुमचे तीन पर्याय बघू.

भोक पाडणं. हे स्वस्त आहे, आणि सैल बेल्टाच्या बाबतीत चांगलंही. पण तुमचा बेल्ट सैल नाही, तोकडा आहे, म्हणजे नवी भोकं टोकाकडे पाडावी लागतील. एकानंही भागणार नाही, दोन लागतील. शेवटच्या भोकापुढं चार-पाच इंच चामडं असतं, त्यातलं दोन इंच गेलं की उरलेलं टोक लूपमध्ये जाणार नाही. मध्यंतरी मी एका भाचीच्या नवऱ्याचा असाच बेल्ट घेऊन सीताबर्डीवर मोदी गल्लीजवळ बसणाऱ्या एका दादांकडे गेले होते. त्यांनी हातात घेतला, टोक बोटानं मोजलं आणि परत दिला. “ताई, याले भोक पाडून काय करता, पुढं शेपूटच नाही उरत.” दहा-वीस रुपयांचं काम सोडून खरं सांगणारा माणूस! ज्यांचा बेल्ट सैल आहे त्यांनी मात्र अशाच माणसाकडे जावं. घरी खिळा तापवून किंवा आरीनं टोचून पाडलेलं भोक कडेनं फाटत जातं. पंचनं काढलेलं गोल भोक टिकतं. आधीच्या भोकापासूनचं अंतर पट्टीनं मोजून द्यायला सांगा. आणि बेल्ट तीन-चार इंच मोठा असेल तर भोकं पाडत बसण्यापेक्षा तो कापून घ्या, पण टोकाकडून नाही, बक्कलाकडून. बऱ्याच बेल्टांचं बक्कल स्क्रूनं किंवा दातेरी क्लिपनं बसवलेलं असतं, ते काढून जादाचं चामडं कापायचं आणि परत लावायचं. टोकाचा आकार आणि भोकांची रांग तशीच राहते.

गपचूप तसाच दुसरा घेणं. हा पर्याय तुम्ही मनात जवळजवळ पक्का केलाय, असं पत्रावरून वाटलं. पैशाचा प्रश्न नाही, जमेल. पण पुढच्या अधिक महिन्याचं काय? तो पुन्हा पावणेतीन वर्षांनी येणारच. मामाजींच्या डोक्यात ३४ पक्का बसलाय, ते पुन्हा ३४ आणतील, तुम्ही पुन्हा चोरून बदलाल. कपाटात न लागणाऱ्या बेल्टांची रांग लागेल आणि एक दिवस ती सासूबाईंना दिसेल. एवढी वर्षं सांभाळायचं गुपित आहे का हे?

रात्रीचं जेवण बंद करणं. नाही, भाऊ. पंधरा दिवसांत कमरेचे चार इंच जात नाहीत, आणि त्यातले दोन इंच तर तुमच्या अंगावर नाहीतच! लेबलनं खाल्लेले इंच तुम्ही उपास करून कसे भरून काढणार? त्यातून नवतप्याचं ऊन. दिवसभर घाम गाळून, रात्री उपाशी झोपून चक्कर आली तर वर्ध्याला जेवायला जायचंच राहील.

या तिन्ही पर्यायांमागं तुमचं एक गृहीतक आहे, त्यावर थोडं थांबते. तुम्ही धरून चाललात की बेल्ट बदलून मागणं म्हणजे चारचौघांत कबुली देणं. बेल्टच्या नंबरला एवढा मान कधीपासून मिळाला? आपल्या आजोबांच्या धोतराला नंबर नव्हता. पोराच्या कमरेला करदोटा असायचा, तो काचायला लागला की आजी म्हणायची, “बाळसं धरतंय,” आणि गाठ सैल करून द्यायची. त्या वेळी घट्ट झालेला दोरा कौतुकाचा होता. पँटला बेल्ट ही तर अगदी अलीकडची रीत. लिव्हाइजच्या जीन्सलासुद्धा बेल्टचे लूप १९२२ साली आले, त्याआधी पँट गॅलिसनं खांद्याला टांगलेली असायची. शंभर वर्षांच्या आतबाहेरच्या एका वस्तूवरचा आकडा, तोही प्रत्येक दुकानात वेगळा. त्याची एवढी लाज?

मामाजींच्या बाजूनंही बघा. त्यांनी पावणेतीन वर्षं जावयाचा नंबर लक्षात ठेवला. माझ्या ओळखीत असे सासरे आहेत ज्यांना जावयाचं आडनाव आठवायला वेळ लागतो. चूक झाली असेल तर ती लक्षात ठेवण्यात नाही, नंबर कशाचा होता यात आहे. तेव्हा फोन करा, साळे घरी नसतील अशा वेळी, सकाळी अकरा-साडेअकराला, आणि जे खरं आहे तेच सांगा: “मामाजी, बेल्ट छान आहे, पण या कंपनीचं माप वेगळं येते. मागचा मधल्या भोकापर्यंत ३६ होता, हा ३४ आहे. दुकानात ३८ चा मिळतो का बघता का? बिल असू द्या.” यात एकही शब्द खोटा नाही. पोटाचा विषय काढायची गरज नाही, तो बेल्टनं आधीच काढलाय. फक्त ‘३४ ऐवजी ३८’ एवढंच तोडून सांगू नका, नाहीतर ऐकणाऱ्याला चारही इंच तुमचेच वाटतील. आणि दुकानात नंबर सांगण्याऐवजी ‘दुमडीपासून मधल्या भोकापर्यंत ३८ इंच’ असं सांगायला लावा. दुकानदाराकडे टेप असतेच. ऑनलाइन मागवणाऱ्यांनीही हेच करावं. मापांच्या तक्त्यात लांबी कुठून कुठपर्यंत मोजलीय ते वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत.

बदलून घेताच आहात तर दोन गोष्टी आणखी बघा. रुंदी: ऑफिसच्या पँटला तीस ते पस्तीस मिलिमीटर, जीन्सला चाळीसपर्यंत. रुंद बेल्ट फॉर्मल पँटच्या लूपमधून ओढूनताणून घातला की लूपची शिवण जाते, हे मी बाबांच्या दुकानात शेकड्यानं दुरुस्त होताना पाहिलंय. दुसरं चामडं. आपल्या उन्हात रेक्झिनचा बेल्ट फार टिकत नाही. घाम आणि उष्णता मिळून वरचा थर सुटतो आणि एक दिवस पांढऱ्या शर्टवर काळे पापुद्रे दिसतात. कड बघायची. अस्सल चामड्याची कड आतपर्यंत सारखी, तंतुमय दिसते. रेक्झिनमध्ये थर आणि मधे कापड दिसतं. ‘जेन्युइन लेदर’ असा शिक्का दिसला म्हणून फार हुरळून जाऊ नका, तो उत्तम प्रतीची खूण नाही. आणि चुरा चिकटवून केलेलं बाँडेड लेदर तर रेक्झिनच्याच वाटेनं जातं. घरी आल्यावर घामेजलेला बेल्ट गुंडाळून कपाटात कोंबायचा नाही, बक्कलानं खिळ्याला टांगायचा. मे महिन्यात गाडीच्या काचेखाली तर अजिबात ठेवायचा नाही.

तुमच्यासारख्या बैठ्या नोकरीवाल्यांना मी आणखी एक सुचवते, वर्ध्याच्या दुकानात मिळाला तर: बिनभोकांचा ऑटोलॉक बेल्ट. मागच्या बाजूला दातेरी पट्टी असते, पाव-पाव इंचानं कट्कट् करत घट्ट होतो आणि एका कळीनं सुटतो. मोठाच येतो, घरी कापून आपल्या मापाचा करायचा. सकाळी तर्री पोहे, दुपारी डबा आणि संध्याकाळी मित्रांबरोबर काहीतरी, असा दिवस असणाऱ्याची कंबर दिवसभर एका मापाची राहत नाही. त्याला एक-एक इंचाची उडी फार मोठी पडते. खोट एकच, स्वस्तातल्या बक्कलाची कळ लवकर सैल होते आणि मग ऐन मीटिंगमध्ये कमरेचा बेल्ट आपोआप सुटतो. विणलेला लवचीक बेल्टही चालतो, त्यात काडी कुठंही घुसते, पण तो फॉर्मल कपड्यांवर शोभत नाही.

आता वहिनींच्या दोन इंचांबद्दल. मी त्यांना विसरले नाही.

मघाशी म्हटलं, बेल्ट पोटाखाली सरकतो. त्यामुळेच बेल्टवरून पोटाची तब्येत ठरवता येत नाही, आणि ‘नंबर तोच आहे’ हा दिलासाही खोटा असतो. डॉक्टर ज्याला कंबर म्हणतात ती वेगळ्या जागी असते: शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, उभं राहून, श्वास सहज सोडून, टेप न आवळता. तिथं भारतीय पुरुषासाठी ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या किंचित आत, ही सावध व्हायची रेषा मानतात. त्यापुढं मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. तुमचा बेल्टच ३८ वर लागतोय म्हटल्यावर तुम्ही ती रेषा ओलांडली असण्याची शक्यता बरीच आहे. तेव्हा बेल्टसाठी नाही, पण साखर आणि रक्तदाब तपासायला एकदा जा. शेवटची तपासणी कधी झाली हे पत्रात कुठंच नाही, आणि ४३ व्या वर्षी ते असायला हवं होतं. जेवण तोडायचं की चालणं वाढवायचं, ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. अंबाझरीला पहाटे जागा भरपूर आहे.

उलट परिस्थितीतल्या वाचकांसाठीही सांगते. काही न करता बेल्ट दोन-तीन भोकं सैल झाला तर पेढे वाटू नका. विनाकारण वजन उतरणं हे डॉक्टरांना दाखवायचं लक्षण आहे. आणि जे शेवटच्या भोकात काडी दाबून, श्वास धरून दिवस काढतात, त्यांनी ते आजच थांबवावं. घट्ट बेल्ट पोटावर दाब आणतो आणि जठरातलं आम्ल वर यायला मदत करतो. जेवणानंतरची ती जळजळ दर वेळी तर्रीचीच नसते. काहींच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येतात, बधिरपणा येतो. त्याला मेराल्जिया पॅरेस्थेटिका असं भारदस्त नाव आहे, आणि घट्ट बेल्ट हे त्याचं एक कारण असू शकतं. दिवसभर स्कूटरवर वाकून बसणाऱ्यांनी याकडे जास्त लक्ष द्यावं. बेल्ट लावल्यावर खुर्चीवर बसा आणि दोन बोटं आत घालून बघा. सहज गेली तर ठीक.

साळ्यांची भीती तेवढी राहिली. ते चिडवणारच, त्यासाठी त्यांना बेल्टची गरज नाही. पण एक करून बघा. मामाजींनी आयुष्यभर खाकी वर्दीवर बेल्ट लावलाय. वर्ध्याला गेलात की त्यांना तो जुना बेल्ट दाखवायला सांगा आणि तुमच्या हातानं भोकं मोजा. कंपनीची किती आणि मोच्यानं नंतर पाडलेली किती, हे साळ्यांसमोरच होऊ द्या. मग टेप काढा आणि सगळ्यांचीच मापं घ्या, वर सांगितलेल्या दोन्ही जागी. पण आल्या-आल्या नको. आधी ताटातले धोंडे आणि अनारसे संपू द्या, माप त्यानंतर घ्या. बेल्ट लागायचा तो तेव्हा लागायला हवा.